तिसावा सामना

आपल्या टीमनं गोल केल्याचं कळलं की सबनीस काकांना घाम फुटायचा. समोरच्यांनी केला तरी फुटायचा, पण आपल्या गोलचा जास्त. मॅच संपल्यावर ग्राउंडवर लोक उड्या मारत असायचे, चेअरमन अनोळखी माणसांना मिठ्या मारत असायचे आणि आमचे सबनीस काका रुमालानं कपाळ टिपत "छान झालं, छान झालं" म्हणायचे, ते अशा आवाजात की ऐकणाऱ्यानं विचारावं, कोण गेलं हो?

बर्मिंगहॅमपासून लोकल ट्रेननं अर्ध्या तासावरच्या एका गावाचा तो क्लब. लीगच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये, आणि तिथेही बहुधा तळाशी. काका क्लबचे सेक्रेटरी. खेळाडूंचे करार करायचे, ते लीगकडे नोंदवायचे, महिन्याचा पगार काढायचा हे त्यांचं काम. मी तिथली फिजिओ. मुंबईत शिकून आलेली, वर्क परमिट क्लबच्या नावावर, म्हणजे क्लब बुडाला तर मी थेट विमानात. इंटरव्ह्यूच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये एक टक्कल पडलेले गृहस्थ माझ्या हातातल्या फाइलवरचं नाव वाचून हळूच म्हणाले, "कर्णिक म्हणजे कुठले?" आणि मी उत्तर द्यायच्या आत मागे-पुढे बघून, "इथे फार मराठी बोलू नकोस हं. लोकांना वाटतं आपण त्यांच्याबद्दल बोलतोय."

एवढ्या घाबरट माणसाशी माझी आधी कधी गाठ पडली नव्हती. गाडी ते नेहमी तोंड गेटकडे करून लावायचे. का, तर आग लागली तर रिव्हर्स घेण्यात वेळ नको. केटलचा फ्यूज जातो म्हणून खिशात फ्यूज. जिना उतरताना कठडा असा धरायचे की वाटावं जिनाच पळून जाणार आहे. मला राग यायचा. माणसानं इतकं का भ्यावं? एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा सुधाकाकूंना मी हे विचारलंच. काकू पोळीला तूप लावत हसल्या. "अगं, भित्रा नवरा बरा असतो. तीस वर्षांत आमच्या घरात एकदा गॅस चालू राहिलेला नाही."

शनिवारी मॅच, म्हणून काकांनी शनिवार धरला होता. इंग्लंडात येऊन पंचवीस वर्षं उपास केला नाही, क्लबात लागल्यावर पहिल्याच सीझनला सुरू केला. माझ्या ट्रीटमेंट रूममधल्या मायक्रोवेव्हमध्ये साबुदाण्याची खिचडी गरम व्हायची आणि जिऱ्याच्या वासानं अख्खी टीम दारात यायची. आमचा डिफेंडर कॉलिन तिला 'बेडकाची अंडी' म्हणायचा आणि निम्मा डबा संपवायचा.

खिचडी संपली की काका गायब. मॅच सुरू झाली की ते धुलाईच्या खोलीत जाऊन बसत. तिथे तीन मोठे ड्रायर होते, ते तिन्ही चालू करून मधे स्टुलावर, हात मांडीवर. बाहेरचा आवाज आत येऊ नये एवढीच इच्छा. हाफ टाइमला मी टॉवेल घ्यायला गेले की डोळ्यांनीच विचारायचे आणि लगेच हातानं थांबवायचे, नको, सांगू नकोस.

या भीतीमागचं कारण मला त्यांनीच समजावलं. तळाच्या डिव्हिजनला तेव्हा नवा नियम लागला होता. क्लबचं जे उत्पन्न असेल, त्याच्या ठरावीक हिश्श्यापेक्षा जास्त खेळाडूंच्या पगारावर घालवायचं नाही. सॅलरी कॅप. वर गेलात की लीग नवा खेळाडू नोंदवून घेत नाही.

"घरातला फ्रीझर आठव," काका म्हणाले. "तो वाढत नाही. त्यात ख्रिसमसचा टर्की कोंबला की मटारांना जागा नाही. बरोबर? आता मजा बघ. टर्कीचं आकारमान आपल्याला आधी कळतच नाही. करारात मूळ पगार लिहिलेला असतो तो काहीच नाही. खेळला की पैसे, गोल केला की पैसे, जिंकलो की पैसे, घरभाडं वेगळं. शिवाय पुढच्या वर्षीचा शब्द याच वर्षी दिलेला असतो. म्हणजे हा टर्की फ्रीझरमध्ये ठेवल्यावर फुगतो, मेधा."

"पण काका, जिंकणं हेच तर आपलं काम आहे ना?"

"आहे ना. म्हणून तर झोप लागत नाही."

आमच्या एका पोरगेल्या स्ट्रायकरनं एकदा एकाच मॅचमध्ये तीन गोल केले. ड्रेसिंग रूममध्ये गाणी चालली होती. काका आत आले, त्याचा हात हातात घेतला, मनापासून अभिनंदन केलं आणि म्हणाले, "व्हेरी गुड. व्हेरी व्हेरी गुड. पुढच्या आठवड्यातपण असंच करायचा विचार आहे का?" सगळे फुटले हसून. मी शेजारी उभी होते, काका खरंच उत्तराची वाट बघत होते.

मी हसायची थांबले ते त्यांनी कारखान्याची गोष्ट सांगितली तेव्हा. क्लबात येण्यापूर्वी ते मोटारींचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात पगाराच्या ऑफिसात होते. एके सकाळी कामावर गेले तर गेटला कुलूप आणि बाहेर पावसात चारशे माणसं उभी. कुणी ओरडत नव्हतं. "पगार बंद झाला की माणूस घरात कसा बसतो ते मी पाहिलंय," ते म्हणाले. "आमच्याच गल्लीत पाहिलंय. खुर्चीच्या कडेवर बसतो. घर त्याचं असतं, पण पाहुण्यासारखा बसतो."

आता कॉलिनबद्दल. पस्तिशीचा डिफेंडर, क्लबात अकरा वर्षं, नाक दोनदा मोडलेलं, आणि उजवा गुडघा माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ पडलेला. त्या उन्हाळ्यात त्यानं दोन वर्षांचा करार मागितला. चेअरमन एकच वर्ष द्यायला तयार. बोलणी तुटायला आली तेव्हा काकांनी मधला रस्ता काढला. करार एक वर्षाचा. पण सीझनमध्ये कॉलिननं तीस सामने सुरुवातीपासून खेळले तर पुढचं वर्ष त्याच पगारावर आपोआप लागू. कॉलिन खूश, चेअरमन खूश. काकाही त्या रात्री शांत झोपले म्हणे, कारण त्यांच्या हिशेबानं तो गुडघा विसाच्या पुढे जाणारच नव्हता. माझ्याकडून गुडघ्याची माहिती त्यांनी सहज गप्पांत काढून घेतली होती, आणि मीही तेच सांगितलं होतं. वीस, फार तर बावीस.

आणि त्या वर्षी कॉलिन असा खेळला की विचारू नका. गुडघ्याला काय झालं मला आजही सांगता येणार नाही. मी व्यायाम दिले, त्यानं ते केले, पण एवढं पुरे नसतं. ख्रिसमस झाला, जानेवारीचा बर्फ वितळला, पोरगा खेळतोच आहे. तेवीस. सव्वीस. काका सोमवारी सकाळी माझ्या खोलीत डोकावून विचारायचे, "गुडघा?" मी म्हणायचे, "मस्त!" आणि त्यांचा चेहरा उतरायचा. मग त्यांनाच स्वतःची लाज वाटायची. "नाही, म्हणजे बरं झालं. देव करो, बरंच राहो."

एकोणतिसाव्या सामन्यानंतर चेअरमननी मॅनेजरला बोलावून सांगितलं, याला आता खेळवायचं नाही. पुढच्या वर्षी प्रेक्षक कमी येतील असा अंदाज होता, म्हणजे उत्पन्न घटून कॅपही खाली येणार होती. त्यात कॉलिनचा जुना, मोठा पगार बसवला तर दोन तरुण मुलांना जागा उरत नव्हती. व्यवहार म्हणून चूक नव्हतं. पण कॉलिन बाहेर बसला आणि आम्ही हरायला लागलो. एक, दोन, तीन, चार. टेबलवर घसरत घसरत आम्ही अशा जागी आलो की शेवटचा सामना हरलो तर थेट लीगच्या बाहेर.

त्या आठवड्यात क्लबात भीतीला वास होता असं मला वाटतं. कॅन्टीनमध्ये लोक चमचे हळू ठेवायचे. मॅनेजरनं दाढी करणं सोडलं. मी वर्क परमिटचा कागद काढून तारीख पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि आईला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगत होते. आम्ही सगळे पहिल्यांदाच काकांसारखे झालो होतो. काका मात्र जेवेनासे झाले. एरवी शनिवारचा उपास, त्या आठवड्यात रोजचा.

शुक्रवारी दुपारी चेअरमननी काकांना कागद दिला. कॉलिन तिसाव्या सामन्याचा हक्क सोडतो आहे, एवढाच मजकूर. "त्यानं सही केली तर उद्या खेळेल, नाही तर नाही. त्याला खेळायचं आहे ना? मग करेल," ते म्हणाले. त्यांनाही खेळवायचं होतंच, टीम वाचायला हवी होती. फक्त पुढचं वर्ष नको होतं. गुडघा तपासायला म्हणून मीही काकांबरोबर निघाले. पन्नासच्या रस्त्यावर काका तीसनं गाडी चालवत होते आणि मागचे हॉर्न देत होते.

कॉलिनचं घर स्वयंपाकघरातून सुरू व्हायचं. टेबलावर मुलांची पुस्तकं, खिडकीत धुतलेले बूट. त्याची बायको, शॅरन, किटली लावून आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, ती चहा झाला तरी वळली नाही. कॉलिन खुर्चीत बसला होता. पाठ न टेकता, पुढे सरकून, अगदी कडेला. मी काकांकडे पाहिलं. ते त्या खुर्चीकडेच बघत होते.

"मी का बाहेर आहे ते मला ठाऊक आहे, मिस्टर सॅब," कॉलिन म्हणाला. "सगळं गाव म्हणतंय फॉर्म गेला. फॉर्म नाही गेला. पस्तीस वर्षांच्या माणसाला दुसरा क्लब कोण देणार? घराचे हप्ते आहेत. मला दुसरं काही येत नाही हो."

काकांचा हात कोटाच्या आत गेला, कागद होता तिथे. त्या क्षणी कॉलिननं काहीही लिहून दिलं असतं. त्याला फक्त कुणीतरी 'खेळ' म्हणायला हवं होतं. काकांनी हात बाहेर काढला. हातात रुमाल होता.

"यू आर प्लेइंग टुमॉरो," ते म्हणाले. "गो टु बेड अर्ली."

शॅरन वळली. "त्या बदल्यात काय?" तिनं विचारलं. बायकांना कळतं.

"नथिंग," काका म्हणाले. "ही इज अ गुड प्लेअर."

आम्ही गाडीत बसलो. मी म्हटलं, "काका, तुम्ही त्याला विचारलंच नाही!"

"नाही."

"मग चेअरमनना काय सांगणार?"

त्यांनी फोन काढला, माझ्यासमोरच लावला आणि सांगितलं, "येस चेअरमन. इट्स डन." झालं काम. पलीकडून एकही प्रश्न आला नाही. सबनीस खोटं बोलेल असं त्या क्लबात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, कारण खोटं बोलायला जे धैर्य लागतं ते या माणसाकडे नाही, हे सगळे जाणून होते. फोन ठेवला आणि त्यांनी दार उघडून रस्त्याच्या कडेला उलटी केली. पोटात काही नव्हतंच.

"मेधा," पाणी पिऊन ते म्हणाले, "मला फार भीती वाटतेय गं."

"मलापण," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

शनिवारी कॉलिन खेळला. मॅचचं वर्णन करणार नाही, माझा अर्धा वेळ डोळे मिटण्यात गेला. आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि शेवटची पाचेक मिनिटं राहिली होती. कॉलिननं बॉल अडवायला पाय घातला, समोरचा त्याच्या अंगावर आला आणि तो आवाज मला टचलाइनवर ऐकू आला. मी बॅग घेऊन धावले. गुडघा हातात घेतला तेव्हा तो गुडघ्यासारखा लागतच नव्हता. हा माणूस आता पुन्हा खेळणार नाही हे मला तिथेच, गवतावरच कळलं. कॉलिनलाही कळलं असावं. तो ओरडला नाही. त्यानं माझी बाही धरून विचारलं, "हा धरतील ना? पूर्ण नाही खेळलो तरी?"

"धरतील," मी म्हटलं.

आम्ही जिंकलो. लीगमध्ये राहिलो. लोक मैदानात उतरले आणि त्यांच्या गर्दीतून आम्ही स्ट्रेचर बाहेर काढलं. काका अँब्युलन्सपाशी उभे होते. धुलाईच्या खोलीतून तसेच आलेले, कोटाला कापसाचे धागे चिकटलेले. शॅरन मुलांची सोय लावून मागून येणार होती, म्हणून ते आमच्याबरोबर चढले.

हॉस्पिटलमध्ये कॉलिनला वेदनाशामक इंजेक्शन दिलं. तो अर्धवट गुंगीत, हसरा, सगळ्यांना थँक्यू म्हणत पडला होता. आम्ही दोघं बाहेर कॉरिडॉरमध्ये. संध्याकाळचे सात वाजले असतील, ट्रॉल्यांवरून जेवणं चालली होती. काकांचा फोन वाजला. चेअरमन. आवाज इतका मोठा आणि आनंदी की मलाही ऐकू येत होतं. आधी विजयाचं, मग कॉलिनची चौकशी, आणि मग, "थँक गॉड सही घेतलीत! नाहीतर मोडक्या गुडघ्याला वर्षभर पगार देत बसलो असतो आणि आपण कॅपच्या वर गेलो असतो. कागद सोमवारी लीगकडे जायला हवा. लगेच क्लबात आणून द्या, मी थांबलोय." काका म्हणाले, "दहा मिनिटांत फोन करतो."

त्यांनी फोन ठेवला आणि कोटातून कागद काढला. घडी उघडली. सहीची जागा कोरी होती. दार अर्धवट उघडं होतं, आत कॉलिन छताकडे बघून हसत होता. आत जायचं, पेन त्याच्या हातात द्यायचं, तारीख कालची घालायची. त्यानं वाचलंही नसतं. काकांची नोकरी वाचली असती, क्लब कॅपच्या आत राहिला असता, दोन तरुण मुलांचे करार झाले असते, कदाचित माझं परमिटही. हे सगळं मला एका क्षणात दिसलं, आणि त्यांनाही दिसलंच असणार. ते दाराकडे दोन पावलं गेले. मी भिंतीला टेकून उभी होते. जा म्हणू की नको म्हणू?

ते दारात थांबले. आत बघत राहिले. मग त्यांनी बाहेरून हळूच दार ओढून घेतलं, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं ओढतात तसं.

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी त्यांना काढलं. कॉलिनला पुढचं वर्षभर पगार मिळाला. त्या वर्षात तो ड्रायव्हिंग शिकवायचं शिकला आणि त्याचं घर राहिलं. दोन तरुण मुलांना जावं लागलं, आणि त्यांतल्या एकाच्या आईनं काकांना गाठून काय काय सुनावलं ते मी ऐकलंय. मी नोकरी शोधत बेसिंगस्टोकला गेले, काका-काकू मुलीकडे एजवेअरला. नंतर फोनवर बोललो पुष्कळदा, पण भेट झाली नाही, आणि मागच्या वर्षी ते गेले.

म्हणून मला आठवतात ते त्या कॉरिडॉरमधलेच. दार ओढून घेतल्यावर त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला, "फाड" म्हणाले, आणि चेअरमनचा नंबर लावला. मी म्हटलं, "काका, आधी बसा तरी." त्यांनी मान हलवली. एक हात भिंतीला लावून, माझ्याकडे पाठ करून ते उभे राहिले. पलीकडून हॅलो आलं.

"चेअरमन, सबनीस बोलतोय," ते इंग्लिशमध्ये म्हणाले, आणि इतक्या स्पष्ट आवाजात मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. "मी त्याला विचारलंच नाही."

काकांनी फोन कानावरून काढला नाही.